वाट राखणाऱ्यांचा इतिहास: काम सुरू झालं की नोंद?

माझ्या प्रबंधातल्या एका प्रकरणाच्या पहिल्या खर्ड्यात हे वाक्य होतं: 'नॉर्थ शोअरवरच्या सायकलवाटांची स्वयंसेवी देखभाल १९९७ मध्ये सुरू झाली.' वाक्य सुटसुटीत होतं, खाली संदर्भही दिलेला होता. गाईडनी '१९९७' भोवती लाल गोल काढला आणि समासात लिहिलं, 'काम सुरू झालं की नोंद?'

मला आधी रागच आला. संदर्भ दिलाय ना, मग आणखी काय हवं? पण दोन-चार दिवसांनी लक्षात आलं की त्या एका गोलामुळे माझं अख्खं प्रकरण हललंय. तुम्ही सध्या पेटची तयारी करत असाल किंवा सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर हा गोल तुमच्याही वाट्याला येणार आहे. म्हणून आज त्याबद्दल.

विषय तसा लांबचा आहे. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराच्या उत्तरेला, खाडीपलीकडे सायप्रस, फ्रोम आणि सीमोर असे तीन डोंगर आहेत. त्यांच्या उतारावरच्या जंगलात माउंटन बाइकसाठी अरुंद वाटांचं जाळं आहे, आणि त्या वाटा बऱ्याच अंशी स्वयंसेवकांनी, म्हणजे बिनपगारी लोकांनी, बांधल्या आणि राखल्या. पण अडचण तीच आहे जी गावातल्या तालमीचा, भजनी मंडळाचा किंवा सार्वजनिक विहिरीचा गाळ काढणाऱ्यांचा इतिहास लिहिताना येते. ज्या कामाची पावती कोणी फाडली नाही, त्याचा इतिहास कशावरून लिहायचा?

आधी शोधकांची गोष्ट, कारण ती सगळ्यांना येते

माउंटन बाइकचा इतिहास वाचायला घेतलात तर पहिलं ठिकाण ठरलेलं: कॅलिफोर्नियातला मरीन परगणा आणि माउंट टमालपाइसचा परिसर. तिथल्या काही तरुणांनी १९३०-४० च्या दशकांतल्या जाड टायरच्या जुन्या सायकली जमवल्या आणि त्या डोंगरावरून सोडायला सुरुवात केली. २१ ऑक्टोबर १९७६ ला पहिली 'रीपॅक' शर्यत झाली. साधारण ३ किलोमीटरचा उतार, ४०० मीटर खाली. पायडल उलटं दाबून लागणारा मागचा ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. खाली आल्यावर ब्रेक उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं, म्हणून नाव रीपॅक. पुढे जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये ह्याच कामासाठी नवीन सांगाडा बनवला, १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची यांच्या सांगाड्यांवर धंदा सुरू केला, १९८१ मध्ये 'स्टंपजंपर' ही कारखान्यात मोठ्या संख्येने बनलेली सायकल बाजारात आली.

ह्या गोष्टीत नावं आहेत, तारखा आहेत, वस्तू आहेत. केली यांनी १९८० पासून काही वर्षं 'फॅट टायर फ्लायर' नावाचं नियतकालिक चालवलं, त्यामुळे छापील साधनंही आहेत. इतिहासकाराला आणखी काय हवं!

पण ह्या गोष्टीत वाट कोणी बांधली हा प्रश्नच येत नाही. का येत नाही? कारण रीपॅक ज्या रस्त्यावर झाली तो वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी केलेला कच्चा रस्ता होता. तो आधीपासून तिथे होता आणि तो राखणारेही दुसरेच होते. सायकल नवी, वाट आयती. त्यामुळे त्या इतिहासाचा नायक आपोआप सायकल बनवणारा झाला.

डेव्हिड एजर्टन यांचं 'द शॉक ऑफ द ओल्ड' (२००६) हे पुस्तक वाचलं नसेल तर वाचा. त्यांचं म्हणणं असं की तंत्रज्ञानाचा इतिहास आपण शोधांच्या तारखांनी लिहितो, पण माणसं जगतात ती वापरात आणि दुरुस्तीत. शोध एकदा लागतो, दुरुस्ती दर आठवड्याला करावी लागते. म्हणूनच शोधाला तारीख असते आणि दुरुस्तीला नसते. माझ्या खर्ड्यातली चूक इथे होती: देखभालीलाही मी एक जन्मतारीख देऊन टाकली.

नॉर्थ शोअर: इथे वाट आयती नव्हती

आता व्हँकुव्हरला या. इथे वर्षाला २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. कोकणातल्या माणसाला हा आकडा काही मोठा वाटणार नाही. पण आपल्याकडे चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, तिथे मुख्य पाऊस शरद ऋतूपासून वसंतापर्यंत रिपरिपत राहतो. जंगल दाट, जमीन ओली, सगळीकडे मुळं आणि आडवे पडलेले प्रचंड ओंडके. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इथली मोठी झाडं तोडली गेली. आज दिसतं ते त्यानंतर वाढलेलं जंगल. जुन्या बुंध्यांवर लाकूडतोड्यांनी फळी टेकवून उभं राहण्यासाठी पाडलेल्या खाचा अजून दिसतात.

अशा जमिनीवर सायकल चालवायची तर आधी वाट करावी लागते. १९८० च्या दशकात लोकांनी ती करायला घेतली. जुन्या पायवाटा आणि लाकूड ओढायचे रस्ते जोडत, पुढे स्वतःच्या वाटा खोदत. परवानगी बहुतेक वेळा नव्हतीच. ओल्या जागा आणि ओढे ओलांडायला त्यांनी पडलेल्या सीडरचं लाकूड वापरलं. सीडर रेषेत सरळ फुटतं आणि लवकर कुजत नाही. त्याच्या फळ्या पाडून, दोन लांब दांड्यांवर आडव्या ठोकून, शिडीसारखे पूल झाले. सुरुवातीला चिखल चुकवायला केलेले हे पूल पुढे उंच आणि अरुंद होत गेले आणि तोच तिथला खेळ झाला. टॉड फियान्डर, ज्यांना सगळे 'डिगर' म्हणजे खणणारा म्हणतात, त्यांनी अशा वाटा बांधल्या आणि 'नॉर्थ शोअर एक्स्ट्रीम' ह्या चित्रफितींतून त्या जगाला दाखवल्या. डॅन कावन यांचं नावही ह्याच पिढीतलं.

आणि जमीन कोणाची? हा प्रश्न विचारलात की उत्तराला अर्धं पान लागतं. काही भाग नॉर्थ व्हँकुव्हर आणि वेस्ट व्हँकुव्हर ह्या पालिकांचा, सीमोरच्या पायथ्याचा काही भाग केंद्र सरकारच्या गृहनिर्माण महामंडळाचा, वर प्रांतिक उद्यान, शेजारी महानगर पाणीपुरवठ्याशी जोडलेलं राखीव क्षेत्र, सायप्रसच्या बाजूला खाजगी बांधकाम कंपनीची जमीन. ह्याच्याही आधी ती कोणाची होती, त्याच्याकडे मी थोड्या वेळाने येते.

खेळ गाजला तशी गर्दी वाढली. पालिकेला धास्ती होती ती अपघाताच्या दाव्यांची आणि उतार धुपण्याची. पायी फिरणाऱ्यांशी खटके उडू लागले. वाटा बंद होण्याची टांगती तलवार आली, तेव्हा १९९७ मध्ये नॉर्थ शोअर माउंटन बाइक असोसिएशन स्थापन झाली. माझा '१९९७' हा तिथून आला.

काम म्हणजे नक्की काय?

इथे जरा थांबूया, कारण 'देखभाल' हा शब्द आपण फार सहज वापरतो. संशोधनात ज्या कामाबद्दल लिहिता ते काम हाताने कसं करतात हे माहीत नसेल, तर साधनं समोर असूनही दिसत नाहीत.

वाटेचा खरा शत्रू पाणी. डोंगराच्या उताराला सरळ खाली जाणारी वाट म्हणजे पन्हळ. पहिल्याच पावसात पाणी तिच्यातून धावतं, वरचा मऊ थर वाहून जातो, मुळं उघडी पडतात. मग सायकलवाला मुळं टाळायला बाजूने जातो आणि वाट रुंदावते. पुढच्या वर्षी दुहेरी होते. म्हणून चांगली वाट उताराला आडवी काढतात. डोंगराच्या अंगात पायरीसारखा सपाट टप्पा कापायचा, त्याला बाहेरच्या बाजूला किंचित कल द्यायचा म्हणजे पाणी वाटेवर न धावता ओलांडून जातं. मधूनमधून वाट जराशी वर चढवून पुन्हा खाली आणायची, म्हणजे पाण्याला तिथेच बाहेर पडावं लागतं. ढोबळ नियम असे: वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको, आणि सरासरी १० टक्क्यांच्या आसपास असावा. जिथे ओल कायमची, तिथे दगडांचं सोलिंग.

एवढं करून काम संपत नाही. शरदात पानं पडतात, पाणी काढून देणारे चर पानांनी बुजतात, आणि एका वादळी रात्रीत सगळं पुन्हा पन्हळ होतं. म्हणजे देखभालीचा बराच मोठा भाग हा फावडं घेऊन चरातली पानं आणि गाळ काढणं आहे. हत्यारंही तशीच. पुलास्की हे एका बाजूने कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूने कुदळ असलेलं हत्यार अमेरिकी वनखात्यातल्या एड पुलास्की यांच्या नावाने ओळखलं जातं. १९१० च्या भीषण वणव्यात आपल्या माणसांना खाणीत नेऊन वाचवणारे ते हेच. वणवा विझवणाऱ्यांचं हत्यार पुढे वाट राखणाऱ्यांच्या हातात आलं.

आता इतिहासाच्या दृष्टीने बघा. नवी वाट बांधली की तिला नाव मिळतं, फोटो निघतो, चित्रफीत होते. चर साफ केला की काय उरतं? काहीच घडलं नाही, हेच त्या कामाचं यश. जो चर वेळेवर साफ झाला, त्याच्याबद्दल पालिकेत तक्रार आली नाही, म्हणून कागद झाला नाही. जो झाला नाही, त्याचा कागद आहे. तुमच्या अभिलेखागारात ढिलाईचे पुरावे जास्त आणि निगराणीचे कमी सापडणार, हे गृहीत धरूनच आत शिरा.

नोंद कधी तयार होते?

संघटना झाली की सभेचं इतिवृत्त येतं, सभासदांची यादी येते, वार्षिक अहवाल येतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तास येतात. अमुक वाटेवर इतक्या लोकांनी इतके तास काम केलं. हे तास कोणी आणि का मोजले?

पुरावा म्हणून मोजले. वाटा बंद करू नका, आम्ही त्या राखतो, हे पालिकेला सांगायचं तर आकडा लागतो. अनुदान मागायचं तर आकडा लागतो. अमेरिकेत 'इंडिपेंडंट सेक्टर' ही संस्था स्वयंसेवेच्या एका तासाची डॉलरमधली किंमत वेळोवेळी जाहीर करते. संस्था आपले तास त्या किमतीने गुणतात आणि अर्जात लिहितात. ह्यात खोटं काही नाही. पण तो आकडा वाटाघाटीसाठी तयार झाला होता, तुमच्या प्रबंधासाठी नाही, हे विसरायचं नाही. जिथे वाटाघाट नव्हती तिथे आकडा नाही. म्हणून १९९७ च्या आधीचे तास शून्य दिसतात.

हा सौदा फक्त नॉर्थ शोअरचा नव्हता. १९८० च्या दशकात अमेरिकेत जागोजागी सायकलींना वाटा बंद होऊ लागल्या. १९८४ मध्ये वनखात्याच्या नियमांनी संरक्षित निबिड वनक्षेत्रांत सायकलला स्पष्ट मनाई केली. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या काही क्लबांनी मिळून इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन काढली. तिच्या कामाचा गाभा हाच होता: जबाबदारीने चालवा, वाटांवर श्रम करा, आणि त्या बळावर वाटांवर राहण्याचा हक्क मागा. १९९७ पासून तिची फिरती पथकं गावोगावी जाऊन वाट बांधण्याचं शिक्षण देऊ लागली. २००४ मध्ये तिने 'ट्रेल सोल्यूशन्स' हे पुस्तक काढलं. वर सांगितलेले नियम त्यात व्यवस्थित छापलेले आहेत. पण ते नियम २००४ मध्ये जन्मले असं लिहू नका. तोच लाल गोल पुन्हा मिळेल!

अशा सौद्याचा एक जुना नमुनाही आहे. बेंटन मॅकाय यांनी १९२१ मध्ये ॲपलाचियन ट्रेलची कल्पना मांडली, १९३७ मध्ये ती पायवाट पूर्ण झाली, आणि तिची निगा सुरुवातीपासून पायी भटकणाऱ्यांचे क्लब राखत आले. १९८४ मध्ये अमेरिकी राष्ट्रीय उद्यान सेवेने त्या वाटेसाठी घेतलेल्या जमिनींच्या व्यवस्थापनाचा भार औपचारिकपणे ह्या स्वयंसेवकांच्या संस्थेकडे सोपवला. ज्या वर्षी सायकलवाल्यांना एक दार बंद झालं, त्याच वर्षी पायी चालणाऱ्यांच्या श्रमाला सरकारी मान्यता मिळाली. आणि त्या वाटेवर बहुतेक ठिकाणी आजही सायकलला बंदी आहे. श्रम दोघांचे, पण ज्यांच्याकडे साठ-सत्तर वर्षांचे कागद होते त्यांना विश्वास मिळाला. नोंद ही अशी ताकद असते.

पुरावा भांडणात उतरला की त्याचं काय होतं, ह्याचंही एक उदाहरण घ्या. १९९४ मध्ये विल्सन आणि सेनी यांनी मोंटानातल्या डोंगरवाटांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. घोडे, पायी चालणारे, मोटरसायकल आणि सायकल, ह्यांपैकी कोणामुळे जास्त माती सुटी होते? निष्कर्ष असा की खुरांनी आणि पावलांनी चाकांपेक्षा जास्त माती सुटी केली, विशेषतः ओल्या वाटेवर. सायकलवाल्यांनी हा निबंध उचलून धरला. पण प्रयोग आधीच असलेल्या वाटांवर, ठरावीक फेऱ्यांचा होता. जंगलात नवी वाट खोदल्याने काय होतं, किंवा एका वाटेवर गर्दी किती येते, हा प्रश्न त्यात नव्हताच. निबंध चुकीचा नव्हता, त्याच्याकडून वदवून घेतलं ते जास्त होतं. तुम्ही एखादा निबंध उद्धृत करताना 'ह्याने काय मोजलं नाही?' हे एका ओळीत लिहून ठेवत जा. व्हायवाला हमखास उपयोगी पडतं.

'श्रमदान' म्हणावं का?

माझा प्रबंध इंग्रजीत आहे, पण विचार मराठीत होतो. टिपणं काढताना मी ह्या कामाला सरसकट 'श्रमदान' लिहीत होते. रविवारी सकाळी घमेली-फावडी घेऊन गडावर टाकं साफ करायला जाणारे आपल्याकडचे गट आठवले, की हाच शब्द येतो. पण एकदा मी तो शब्द उलगडायला बसले आणि अडकले.

धर्मशास्त्रात दानाची व्याख्या अशी की आपलं स्वामित्व सोडायचं आणि दुसऱ्याचं स्वामित्व निर्माण करायचं. दान दिल्यावर हक्क उरत नाही. दिलेल्या गाईचं दूध मागायला कोणी जात नाही! आता नॉर्थ शोअरच्या वाटकऱ्याकडे बघा. तो श्रम देतो, पण त्यातून त्याचा वाटेशी संबंध सुटत नाही, घट्ट होतो. 'मी बांधलेली वाट', 'मी राखलेली वाट'. त्याने बांधलेला पूल पालिकेने धोकादायक म्हणून काढला की त्याला स्वतःचं काहीतरी हिरावल्यासारखं वाटतं. पुढे असोसिएशनने वाटा 'दत्तक' देण्याची योजना काढली. एखादा क्लब, दुकान किंवा कंपनी एखाद्या वाटेच्या निगराणीसाठी पैसे आणि हात देते. दत्तक हाही नात्याचा शब्द आहे, दानाचा नाही.

मग ह्या नात्याला काय म्हणायचं? इथे मला जॉन लॉक आठवला. १६८९ मध्ये त्याने मांडलं की माणूस जमिनीत आपले श्रम मिसळतो आणि त्यातून मालकी निर्माण होते. वाटकऱ्याच्या भावनेमागे नकळत हाच तर्क आहे. आणि इथेच मी मगाशी बाजूला ठेवलेला प्रश्न परत येतो.

हे डोंगर स्क्वामिश, त्स्लेल-वॉटुथ आणि मस्क्विअम लोकांच्या पूर्वापार भूमीत येतात. ब्रिटिश कोलंबियाच्या बहुतेक भागात मूळ रहिवाशांनी जमीन सोडल्याचा करार कधी झालाच नाही. १८६० च्या दशकात तिथे गोऱ्या वसाहतवाल्यांना १६० एकरांपर्यंत जमीन धरता येत होती, अट एवढीच की तिथे राहायचं आणि तिच्यात 'सुधारणा' करायची. १८६६ च्या वटहुकमाने मूळ रहिवाशांना मात्र खास परवानगीशिवाय अशी जमीन धरायला मनाई केली. जोसेफ ट्रच हा जमीनखात्याचा प्रमुख त्यांच्या राखीव जमिनीही कापत गेला, आणि त्याचं समर्थन असं की हे लोक जमिनीचा उपयोग करत नाहीत. ज्या सीडरपासून ते घरं, होड्या, दोर आणि वस्त्रं बनवत आले ते जंगल 'न वापरलेलं' ठरलं, कारण त्या श्रमाची खूण वसाहतीच्या कागदाला वाचता येत नव्हती.

म्हणजे 'श्रम केले म्हणून हक्क' हा युक्तिवाद त्या डोंगरावर नवा नाही. तो एकदा कोणाला तरी हुसकावण्यासाठी वापरून झाला आहे. आजचे स्वयंसेवक वसाहतवाले आहेत असं मी म्हणत नाहीये. त्यांना मालकी नकोय, चिखलातून सायकल न्यायला वाट हवी आहे. पण माझ्या प्रकरणात 'स्थानिक स्वयंसेवक' हा शब्द डझनभर वेळा आला होता. त्यातल्या 'स्थानिक' ह्या शब्दाकडे मी एकदाही थांबून पाहिलं नव्हतं. ज्यांच्या श्रमाची नोंद झाली नाही त्यांची बाजू मांडायला निघाले, आणि त्याच जमिनीवर त्याहून जुना, न नोंदलेला श्रम विसरले.

श्रमाचा आणि मालकीचा गुंता सोडवायचा आणखी एक मार्ग अमेरिकेत निघाला. न्यू इंग्लंड माउंटन बाइक असोसिएशनने २००३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या मिलफर्डला 'व्हिएतनाम' नावाने ओळखली जाणारी ४७ एकर जमीन सरळ विकतच घेतली. राखणारेच मालक झाले. पण विकत घ्यायला पैसा लागतो, आणि नॉर्थ शोअरच्या पायथ्याची जमीन कॅनडातल्या महागड्यांपैकी आहे. तिथे नातं वाटाघाटीवरच चालणार.

मग साधनं कुठली?

गाईडच्या प्रश्नानंतर मी साधनांची यादी नव्याने मांडली. तुम्हालाही तुमच्या विषयात ती उपयोगी पडेल.

पहिलं, विरोधकांचे कागद. पालिकेतल्या तक्रारी, वर्तमानपत्रांतली वाचकांची पत्रं, वाटा बंद करण्याचे ठराव. बेकायदा काम करणारा स्वतः लिहून ठेवत नाही, पण त्याच्यावर चिडलेला माणूस तारीखवार लिहितो. ह्यातली भाषा पक्षपाती असते, पण जागा आणि काळ बऱ्याचदा नेमके मिळतात. हा विरोध पुढेही मिटला नाही. २०१५ च्या सुरुवातीला फ्रोमवरच्या वाटांवर मुद्दाम ओंडके टाकून ठेवल्याचं प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं, आणि ते उघडकीला आलं सायकलवाल्यांनीच झाडीत लावलेल्या कॅमेऱ्यामुळे. राखणारे आता नोंदही ठेवू लागले होते.

दुसरं, चित्रफिती आणि मासिकं. त्यात दिसतो तो थरार. पण पडद्याच्या कडेला पाहा: टेकवून ठेवलेली करवत, ताज्या फळ्यांचा रंग, जुन्या पुलाला मारलेला नवा आधार. करमणुकीसाठी केलेली फीत देखभालीचा पुरावा म्हणून वाचता येते.

तिसरं, जमीन स्वतः. कुजलेली शिडी, गंजलेले खिळे, जुन्या वाटेला दिलेला वळसा आणि त्यावरचं दगडी सोलिंग. लाकडाकडून दगड-मातीकडे गेलेला बदल कुठल्याही अहवालाआधी जमिनीवर दिसतो. लाकूड कुजतं, त्याची जबाबदारी कोणावर हा प्रश्न येतो, म्हणून दगड आला. कायद्याची भीती अशी पायाखाली वाचता येते.

चौथं, मुलाखती. इथे दोन गोष्टी सांभाळा. एक, माणसं तारखा चुकतात, आणि चूकही बोलते. आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी इटलीतल्या तेर्नी गावच्या लुइजी त्रास्तुल्ली ह्या कामगाराच्या मृत्यूवर लिहिलं आहे. तो १९४९ मध्ये पोलिसांच्या गोळीने मेला, पण अनेक कामगारांच्या आठवणीत तो १९५३ च्या कामगारकपातीच्या आंदोलनात मेला. पोर्तेल्लींनी ती चूक दुरुस्त करून सोडून दिली नाही, लोकांना तो मृत्यू १९५३ मध्ये का हवा होता हे विचारलं. दोन, बिनपरवानगी काम केलेल्या माणसाचं नाव लिहिताना संमती लेखी घ्या, जागा ओळखू येईल असा तपशील वगळा, आणि ध्वनिमुद्रण किती वर्षं बंद ठेवायचं ते आधीच ठरवा. विद्यापीठाची नैतिकता समिती विचारेल म्हणून नव्हे. तुमच्या तळटिपेमुळे कोणाची वाट बंद होऊ शकते म्हणून.

शेवटी तेच वाक्य

प्रकरणातलं वाक्य आता असं आहे: 'नॉर्थ शोअरवर बिनपरवानगी बांधणी आणि निगराणी १९८० च्या दशकापासून चालू होती, १९९७ मध्ये असोसिएशन झाल्यावर ते काम मोजलं जाऊ लागलं, आणि मोजणं हाच जमीनमालकांशी बोलण्याचा मार्ग झाला.' लांब आहे, सुटसुटीत तर अजिबात नाही. पण ह्यात वर्षाला त्याचं खरं काम मिळालं.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'सुरू झाले', 'स्थापना झाली', 'उदय झाला' ही क्रियापदं शोधा. प्रत्येकाभोवती स्वतःच लाल गोल काढा आणि समासात लिहा: काम की नोंद? पहिल्या वाचनात माझ्याकडे असे अकरा गोल निघाले. त्यांतले चार अजून सुटलेले नाहीत, आणि पुढचे सहा महिने मी त्यांच्याच मागे आहे.